दोन शेतांची माती आणि मधला तुकडा

तुरीच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जीवाणू पिकाला नत्र पुरवतात, आणि त्याच मातीत त्या जीवाणूंना मारणारे विषाणूही असतात. दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत मी पीएच.डी.साठी हे विषाणू गोळा केले. विद्यापीठ दुसऱ्या जिल्ह्यात होतं, माती मात्र मी आमच्याकडची नेली. एक पिशवी साखऱ्याला आमच्या गावच्या शेतातली, दुसरी हट्ट्याला मावशीच्या गावच्या शेतातली. दोन्हींतून एकेक विषाणू वेगळा केला, त्यांचे जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं, वाचून आणले आणि संगणकावर एकाखाली एक लावले.

ते एकमेकांचे कुणीच लागत नव्हते. सुरुवात वेगळी, शेवट वेगळा. मधला एक मोठा तुकडा मात्र अक्षर न् अक्षर सारखा. त्या दुपारी मी जेवायलाही उठले नाही.

आठवड्याच्या बैठकीत मी ते दाखवलं. माझे मार्गदर्शक पडद्याकडं बघून म्हणाले, "दूषित झालंय. एका नळीतलं दुसऱ्या नळीत गेलंय."

"सर, तसं असतं तर तुकडा दोन्हींकडं इतका नेमका बसला नसता. त्याच्या आजूबाजूचं सगळं वेगळं आहे."

ते हसले. "रागावू नकोस. मेंढरं राखणाऱ्या घरातून आलीस तू. हात धुवायची, वस्तू वेगळ्या ठेवायची सवय लागायला वेळ लागतो."

सगळे खाली मान घालून बसले. माझे कान तापले होते. आमच्या घरात आजारी कोकराला हात लावलेलं माणूस हात धुतल्याबिगर दुसऱ्या कोकराजवळ जात नाही. हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं, आणि हा माणूस मला स्वच्छता शिकवत होता.

मी पुन्हा माती आणायला गावी गेले. बाबा माझ्यासोबत तुरीत आले.

"काहून गं, परत माती नेऊन राहिलीस? पहिली सांडली का?"

"न्हाई बाबा. सर म्हणतात, माझ्या हातची घाण लागली तिला."

बाबा म्हणाले, "मेंढरांमुळं?"

"व्हय."

मी खुरप्याला स्पिरिट लावून मुळाजवळची माती काढत होते. पिशवी धरायला त्यांनी हात पुढं केला. मी पटकन म्हणाले, "बाबा, हात लावू नका." तसं मी कुणालाही म्हटलं असतं, कामाची पद्धतच ती. पण त्यांनी हात मागं घेतला आणि पाठीशी धरून उभे राहिले. मला सरांचा जितका राग बैठकीत आला नव्हता, तितका त्या तुरीत आला.

हट्ट्याची माती या वेळी मी दुसऱ्या विभागात, एका मैत्रिणीच्या टेबलावर तपासली. साखऱ्याची आमच्या प्रयोगशाळेत. नळ्या, पाणी, रसायनं, सगळं वेगळं. तेच विषाणू पुन्हा सापडले. मग जिथं वेगळा भाग संपून सारखा भाग सुरू होतो, तो सांधा विषाणूच्या डीएनएत खरंच आहे का, हे तपासलं. दोन्हींत होता; नुसती भेसळ असती तर तो मिळाला नसता.

सरांनी निकाल बराच वेळ पाहिला. "म्हणजे खरं आहे हे. विषाणू आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, ते आपल्या मातीतही दिसलं. छान. लिहायला घे." आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलायची खूण केली.

मी उभीच राहिले. "सर, माझ्या हातांबद्दल तुम्ही बोलला होतात. ते चूक होतं, एवढं सगळ्यांसमोर सांगा."

"विज्ञानात शंका घ्यावीच लागते."

"निकालावर घ्या ना सर. तुम्ही माझ्या घरावर घेतली."

"बस खाली," ते म्हणाले. मी बसले नाही. खांद्याची पिशवी उचलून बाहेर आले. त्यानंतर ते माझ्या प्रबंधाची प्रकरणं न वाचताच सही करून परत देऊ लागले.

काही महिन्यांनी आमच्या गटातल्या एका मुलाने तसाच निकाल दाखवला; त्याचे वडील प्राध्यापक होते. त्याच्याही दोन विषाणूंत एक तुकडा सारखा निघाला होता. सर म्हणाले, "रोचक आहे. पुढं बघ." मी त्याला बाहेर गाठून सांधा तपासायला सांगितलं. त्याने तपासला. सांधा नव्हताच. त्याच्याकडं खरोखर एका नळीतलं दुसऱ्या नळीत गेलं होतं.

त्याने ते बैठकीत प्रामाणिकपणे सांगितलं. सरांनी मान हलवली. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "नव्या नळ्या मागवून घे."

त्याच्या घरी काय राखतात, हे कुणी विचारलं नाही. मला डिग्री मिळाली, नोकरी लागली, सरही निवृत्त झाले. पण मेंढरांचं ते वाक्य आठवलं की माझे कान अजून तापतात, आणि तापू नयेत असं मला वाटतही नाही.