वंदनाताईंचं रविवारचं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून तर मधुमेहातली चोरटी जिलेबीसुद्धा लपत नाही.

अकोल्यात आमचा वाचणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. मोर्शी, धामणगावपर्यंतची माणसं त्यात आहेत. दर रविवारी सकाळी मी तिथे एक पुस्तक सुचवतो. आठ वर्षं झाली. लोक मला पुस्तककाका म्हणतात. अमरावतीला एकदा शाल-श्रीफळ मिळालं. मानपत्रात माझ्या 'पारखी नजरे'चं कौतुक होतं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू—म्हणजे, आणखी कशाला बोलू?

ती नजर वंदनाताईंची.

वंदनाताई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. जुन्या शहरातल्या वाचनालयात आमची दर गुरुवारी गाठ पडते. त्यांची रीत सोपी. आवडलेल्या लेखकाचं फेसबुक उघडायचं, यूट्यूबवरच्या मुलाखती ऐकायच्या आणि त्याने कुणाचं पुस्तक मनापासून वाखाणलंय ते शोधायचं. दोस्ताची नुसती भलामण असेल, तर सोडून द्यायचं. पुस्तक आवडलं, की त्याच्या लेखकाला काय आवडतं ते पाहायचं. सगळं निळ्या वहीत. आणि शेवटचं पान वाचून झाल्याशिवाय त्या कुणाला नाव सांगायच्या नाहीत.

मला सांगायच्या. मी रविवारी गटात टाकायचो. पहिल्या वेळी त्यांचं नाव लिहायचं राहून गेलं—राहून गेलं का खरंच? मोर्शीचे एक मास्तर लगेच म्हणाले, "काका, कुठून हुडकता हो!" मी उत्तरादाखल हात जोडले. नाव लिहायला तेवढाच वेळ लागला असता.

पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे.

पुढे ताई स्वतः त्या गटात आल्या. एका रविवारी दुपारी त्यांनी एका पुस्तकावर छान दहा ओळी लिहिल्या. तेच पुस्तक मी सकाळी टाकून बसलो होतो! धामणगावच्या एकाने लिहिलं, "ताई, हे तं काकांनी सकाळीच सांगतलं. कॉपी करून राहिल्या का?" खाली हसणारे चेहरे. मी काय केलं? त्या थट्टेला अंगठा दिला. एकच. पिवळा.

ताईंनी गटात पुन्हा काही लिहिलं नाही.

गुरुवारी मी जरा धाकधुकीतच वाचनालयात गेलो. त्या खिडकीजवळ बसल्या होत्या. वही उघडली, एक नाव दाखवलं आणि हसून म्हणाल्या, "घ्या काका, रविवारचं. जरा हळू वाचा बरं, घाई करून राहता तुमी."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मी? मी खिशातून पेन काढलं, नाव उतरवून घेतलं आणि रविवारी टाकलं. तेव्हापासून आजपर्यंत—दर रविवारी.

आज गुरुवार नाही, रविवार आहे. गट माझ्या पुस्तकाची वाट पाहत असेल. आज पुस्तक नाही. हेच टाकतो आहे. आठ वर्षांतलं एकही पुस्तक मी शोधलेलं नाही. ती सगळी वंदनाताईंच्या निळ्या वहीतली आहेत. त्या दिवशी कॉपी मी केली होती.

इतर लोक अर्ध्यावर सोडतील कदाचित. ताई शेवटपर्यंत वाचतील.