सासऱ्यांचा ऑस्ट्रेलिया दौरा

भारतीय संघ जेव्हा जेव्हा परदेशी गेला, तेव्हा तेव्हा तो माझ्या सासऱ्यांच्या भरवशावर गेला. निवड समितीला हे ठाऊक नव्हतं, इतकंच. सासरे स्वतः साक्री तालुका सोडून धुळ्यापलीकडे कधी गेले नाहीत, पण प्रत्येक दौरा त्यांनी आपल्या ओट्यावरून पार पाडला. त्यांचा नियम साधा होता. खेळ रंगला की ओट्यावर जो जसा असेल, त्याने तसंच राहायचं. एकदा विरजण मागायला आलेल्या शेजारच्या अक्का दारात उभ्या असताना दोन चौकार गेले. लंच होईपर्यंत अक्का वाटी धरून दारातच. आणखी एकदा सासऱ्यांची दाढी चालू असताना सलामीची जोडी जमली, तेव्हा त्यांनी न्हाव्याचा हात धरला आणि अर्ध्या दाढीनिशी पुतण्याच्या हळदीला गेले. ट्रान्झिस्टर कायम त्यांच्याच कानाला. आवाज चारचौघांत वाटला की त्याचा गुण जातो, अशी त्यांची खात्री होती. गावाला स्कोअर तेच सांगत, आणि आपला डाव कोसळला तरी पडेल चेहऱ्याने खराच सांगत. "स्कोअरमा लबाडी नही," हे त्यांचं ब्रीद.

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा ऑस्ट्रेलियात कसोटीचा शेवटचा दिवस होता आणि सामना वाचवायचा होता. माझ्या वडिलांचं मन मात्र पिंपळनेरच्या स्थळाकडे ओढत होतं. तिथे ट्रॅक्टर होता, आणि दुपारी आम्ही तिकडेच जाणार होतो. पोहे घेऊन आलेली मुलगी मला तर पाहताक्षणी आवडली होती, पण मला विचारतो कोण! वडील बशी ठेवून उठू लागले, तोच सासऱ्यांनी हात वर केला.

"हालू नका, पाव्हना! तुम्ही बठनात तव्हयपाईन एक बी गडी आऊट व्हयना नही!"

आपण बसल्यापासून एकही गडी पडला नाही, म्हणजे प्रश्न देशाच्या अब्रूचा, म्हटल्यावर वडील परत बसले. पिंपळनेरची बस आमच्या डोळ्यांसमोरून गेली. मग मुलीच्या हातचे, झणझणीत रश्श्यात सोडलेले डुबुकवडे आले. वडिलांनी ते दोनदा मागून घेतले आणि उठताना होकार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर आम्ही पोह्यांना हात लावण्याआधीच आपला संघ गारद होऊन सामना संपला होता. पुढे दोन तास सासरे कानाला काय लावून बसले होते, देव जाणे. बहुधा बाजारभाव. लग्नानंतर मी त्यांना छेडलंच. ते जराही ओशाळले नाहीत.

"हारेल टीम पुढला साल परत जास, जवाईबुवा. पिंपळनेरले गयेल पाव्हना परत येस का?"

शेवटच्या आजारपणात ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. संघ पुन्हा ऑस्ट्रेलियातच होता. त्यांना नीट ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून ट्रान्झिस्टर माझ्या कानाला होता. सकाळी त्यांनी डोळ्यांनीच स्कोअर विचारला. आपला डाव केव्हाच आटोपला होता. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणालो, "मी बसल्यापासून एकही गडी बाद नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. लबाडी त्यांना बरोबर कळली होती.

"मंग उठू नका," ते म्हणाले.

मी उठलो नाही.