बाबांच्या खाटेजवळच तुटणारा आवाज

तारीख १७ फेब्रुवारी २०१३, रविवार, दुपार. तोवर झालेला खर्च – ब्लूटूथ स्पीकर अठराशे पन्नास आणि कॉम्प्युटरला लावायचं ब्लूटूथ डोंगल अडीचशे, एकूण एकवीसशे रुपये. हजर माणसं चार – मी, माझी आई, खाटेवर बाबा, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सतीश.

हे आधीच लिहून टाकतो. या साइटवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे आणि प्रत्येक वेळी मला पहिला प्रश्न हाच पडतो की नक्की कधी, कुठे, आणि कोण कोण होतं? उत्तर मिळालं नाही की मी पान उलटतो. मी राईस मिलमध्ये हिशेब बघतो. अंगात येणं, करणी, भूत यातलं काही मी कधी मानलं नाही... आजही मानत नाही. तरी लिहितो आहे, कारण जे झालं त्याचा मेळ मला लागलेला नाही.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला राहतो. माझे बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. नट आज या गावात, उद्या त्या गावात, रोज वेगळं नाटक – पाठांतराला वेळ कुठला? म्हणून प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसतो. प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो, मग नट म्हणतो. तेही कुजबुजून नाही. पुढच्या रांगांना सरळ ऐकू जातं. आमच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. वाक्य दोनदा ऐकायची सवय असते.

बाबांनी हे काम आयुष्यभर केलं. स्टेजवर कधी गेले नाहीत, पण कुठलाही नट अडखळला की त्यांचा आवाज तिथे हजर असायचा.

आदल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बोलणं परत येईल याची आशा ठेवू नका. माणसं ओळखतात की नाही हेही सांगता येत नाही. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, त्यांचा जुना स्वतःचा आवाज असेल तर तो ऐकवा, बघा काही होतं का.

बोलण्याचं आईला फारसं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती – आपल्याला ओळखतात का, एवढी. रोज सकाळी त्यांचं तोंड पुसताना ती विचारायची, "मी कोन आहो, सांगा बरं?" बाबा वर छपराच्या कवेलूंकडे बघत राहायचे. मग तीच म्हणायची, "नाई सांगत तं नोका सांगू. मोठे आले!" आणि पदराने त्यांची लाळ पुसायची.

बाबांचा आवाज एकाच ठिकाणी होता. एका नाटकवेड्या ओळखीच्याने फार पूर्वी मंडईच्या नाटकाची कॅसेट भरून ठेवली होती. टेपरेकॉर्डर त्याने पुढच्या रांगेत ठेवलेला, त्यामुळे बाबांचं प्रॉम्प्टिंगही त्यात पूर्ण आलं होतं – आधी बाबा, मग नट. मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. कॉम्प्युटर समोरच्या खोलीत, बाबा मधल्या खोलीत. वायर ओढली तर आईचे पाय अडकायचे. दोनदा पडता पडता वाचली. म्हणून ब्लूटूथ स्पीकर.

पहिल्याच दिवशी आवाज तुटायला लागला. थोडं नीट, मग मध्येच काही नाही, परत नीट.

मी इंटरनेटवर शोधलं. हा बिघाड जगभर आहे असं दिसलं, उपायही भरपूर. डोंगल कॅबिनेटच्या मागे होतं, ते एक्स्टेन्शन वायरने पुढे आणलं. शेजारी नेटचं डेटाकार्ड होतं, ते काढलं. ड्रायव्हर नवीन टाकला. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर डोंगल बंद करतो म्हणे, सेटिंगमधली ती खूण काढली. हँड्सफ्रीची सेवा बंद केली. स्पीकर पूर्ण चार्ज केला. प्रत्येक वेळी एकच बदल करायचा आणि मग ऐकायचं, अशी माझी पद्धत... दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

कशानेच काही झालं नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. स्पीकर स्वयंपाकघरात नेला, म्हणजे अजून लांब, तर आवाज साफ. समोरच्या खोलीत साफ. बाबांना उन्हात बसवायला अंगणात नेलं आणि स्पीकर त्यांच्याच खाटेवर राहू दिला, तरी साफ. बाबा झोपले की साफ. ते खाटेवर जागे असले की तुटायचा.

माणसाचं शरीर या लहरी अडवतं असं वाचलं होतं. म्हणून बाबा अंगणात असताना मी स्वतः खाटेवर आडवा झालो. आईने दारातून बघितलं.

"तुले काय झालं बापा आता?"

"काही नाही. तपासून बघतो."

"एक पडला तेवढा पुरे आहे घरात. ऊठ!"

मी खाटेवर असतानाही आवाज साफच आला.

नेमकं काय तुटतं हे आईने ओळखलं. तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "बाबू, तुह्या बाबाचाच आवाज कटून राहिला. नटाइचं तं बराबर आयकू येऊन राहिलं."

मला पटलं नाही. मी तोच भाग समोरच्या खोलीत साध्या वायरच्या स्पीकरवर ऐकला, मग खाटेजवळ. आईचं खरं होतं. बाबांचं वाक्य जिथे, तिथे आवाज गायब. नटाचं वाक्य आलं की परत सुरू. आता कृपा करून कुणी तरी सांगा – दोन्ही आवाज एकाच फाईलमध्ये, एकाच कॅसेटवरून उतरवलेले. डोंगलला काय कळतं, कोणता प्रॉम्प्टर आणि कोणता नट?

मग चारेक दिवसांनी बाबांचे ओठ हलायला लागले. त्या रिकाम्या जागेत. आधी नुसते ओठ, मग घोगरा आवाज, आणि मग शब्द... संपूर्ण वाक्य! आवाज तुटायचा, बाबा वाक्य द्यायचे, आणि स्पीकरमधला नट तेच वाक्य घ्यायचा. अगदी वेळेवर. डोळे कवेलूंकडेच. आई तांदळाचं सूप तसंच हातात धरून उभी राहिली होती.

नाटक बंद केलं की बाबाही बंद. आई जवळ जायची, "मले बोला ना जी एखांदा शबद..." तर काही नाही. नाटकातलं सगळं येत होतं, घरातलं एक अक्षर नाही.

इथे मी माझा हिशेब मांडला. डॉक्टर म्हणाले होते, त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवा. तोच तर पोहोचत नाही. अर्धवट ऐकून एवढं बोलतात, तर पूर्ण ऐकल्यावर किती बोलतील! आई म्हणाली, "बोलून राहिले ना ते? मंग काऊन हात लावून राहिला त्याले?" मी तिला समजावलं की बिघाड तो बिघाडच. आणि सतीशला बोलावलं.

सतीश मूळचा गोंदियाचा, चाळिशीतला, दोन मुलींचा बाप. आमच्या बाजारात त्याचं दुकान आहे. त्या रविवारी आला. माझी बायको माहेरी, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला गेली होती, त्यामुळे घरात आम्हीच. डोंगल बघून हसला.

"काकाजी, ये तो लोकल माल है. सौ का डोंगल अडीचसौ में पकडा दिया तुमको. और तुम मिल में हिसाब देखते हो!"

"आधी ऐकून तर घे, काय होतं ते."

नाटक लावलं. सतीश मधल्या खोलीत येऊन उभा राहिला. आवाज तुटला, बाबांनी वाक्य दिलं, नटाने घेतलं. दुसरं, तिसरं. सतीशला वाटलं म्हातारबुवांना नाटक पाठ आहे. "क्या बात है बाबाजी!" म्हणाला.

मग एक तुटका भाग जरा लांबला. बाबा काहीतरी पुटपुटले. मला नीट लागलं नाही. आणि स्पीकरमधून नायकाचं काम करणाऱ्या नटाचा आवाज आला, त्याच्या नेहमीच्या खणखणीत, नाटकी ढंगात –

"अनसू, जेवलीस का?"

आईचं नाव अनुसया. तिला अनसू म्हणणारी माणसं तोवर कुणी उरली नव्हती, एक बाबा सोडले तर. रात्रीचं नाटक करून पहाटे घरी आले की चप्पल काढताना हेच विचारायचे, कारण ती त्यांच्यासाठी थांबायची हे त्यांना माहीत होतं.

आईने पदर सावरला. स्पीकरकडे नाही, बाबांकडे बघून म्हणाली, "जेवली."

ती जेवली नव्हती. दुपारचे दोन वाजले होते, माझ्यासाठी थांबली होती.

मला वाटलं, नाटकात अनसू नावाचं पात्र असेल. खरंच, त्या क्षणी एवढंच वाटलं. सतीश म्हणाला, "डायलॉग साफ आया, बीच का गडबड है. डोंगल ही बदलता हूँ." त्याने पिशवीतून चांगल्या कंपनीचं डोंगल काढलं, लावलं, जुनं माझ्या हातात दिलं. नाटक पुन्हा सुरू केलं. बाबांचा कॅसेटमधला आवाज, मग नटाचा, मग बाबांचा – एकही तुकडा पडला नाही. इतकं स्वच्छ मी ते नाटक कधी ऐकलं नव्हतं.

खाटेवरच्या बाबांचे ओठ हलले नाहीत.

संध्याकाळी मी पूर्ण फाईल वायरने, कानाला लावून ऐकली. दुसऱ्या दिवशी परत ऐकली. नाटकात अनसू नावाचं कुणी नाही. जेवणाचा विषयच नाही. त्या जागी नायक सावकाराला उद्देशून दोन वाक्यं म्हणतो आणि जातो. हा नट, कॅसेटमधला, केव्हाच वारलेला आहे. सतीशला दुकानात जाऊन विचारलं, तू काय ऐकलंस? म्हणाला, "वो जेवलीस का वाला? हाँ, सुना ना. क्यों?" मी त्याला फाईल ऐकवली. त्याने ती जागा दोनदा पुढे-मागे केली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठला.

जुनं डोंगल मी त्याच आठवड्यात परत लावलं. आवाज साफ. जुना ड्रायव्हर टाकला, डेटाकार्ड शेजारी लावलं, डोंगल कॅबिनेटच्या मागे नेलं – आधी जे जे काढलं होतं ते सगळं उलट्या क्रमाने परत घातलं. साफ. मग इंटरनेटवर ज्या ज्या गोष्टींनी आवाज तुटतो असं लिहिलेलं, त्या मुद्दाम केल्या. स्पीकर पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्याने तुटला, पण कुठेही, कसाही. बाबांचं अर्धं वाक्य, नटाचं अर्धं. बाबा कवेलूंकडे बघत राहिले. शेवटी सतीशला बोलावलं आणि म्हटलं, बाबा रे, तो बिघाड परत घालून दे.

"फॉल्ट डालने का?" तो हसला. मग आईकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. दुपारभर बसला बिचारा. जमलं नाही.

आईचं म्हणणं वेगळंच आहे. तिला डोंगलशी काही देणंघेणं नाही. एकदा भांडी घासताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी खोटं बोलली ना, बाबू. उपाशी होती अन् जेवली मनलं. त्याइले समजते. म्हनून बोलत नाईत."

मी तिला म्हटलं, असं काही नसतं. तिने भांडं पालथं घातलं.

त्यानंतर ती रोज वेळेवर जेवायला लागली. माझ्यासाठी थांबणं बंद केलं. जेवून, हात धुऊन खाटेपाशी जायची आणि ओल्या हाताने त्यांच्या कपाळाला हात लावून सांगायची, "जेवली मी. खरंच जेवली, भात, वरन अन् वांग्याची भाजी." स्पीकर चालू असायचा. पुढचं वाक्य बाबांच्या जुन्या आवाजात यायचं, मग नटाच्या. ती थोडा वेळ थांबायची, मग ताट उचलायची.

त्याच वर्षी मंडईचे दिवस सुरू व्हायच्या आधी बाबा गेले. शेवटपर्यंत एक शब्द नाही. आपल्याला ओळखलं होतं की नाही, हे आईला अजून माहीत नाही, त्या एका वाक्याबद्दल विचारलं तर म्हणते, "ते तं नटाचं तोंड होतं." मी कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं, दोन इंजिनिअरांना विचारलं, उत्तर कुणाकडे नाही. इथल्या कुणाला कारण सांगता आलं तर ऐकायची तयारी आहे, पण समजूत घालू नका.

सगळे विधी झाल्यावर मी सतीशच्या दुकानात गेलो. नव्या डोंगलचे पैसे त्याला मी त्याच रविवारी दिले होते. बिघाड परत घालायला आला होता त्या दिवसाचे त्याने घेतले नव्हते. "काम हुआ ही नहीं काकाजी, पैसा काहे का?" म्हणाला. मी म्हटलं, अख्खी दुपार बसला होतास, तिची मजुरी. दोनशे रुपये दिले. त्याने मोजले नाहीत, गल्ल्यात टाकले.