ट्रॉलीच्या शेडमध्ये बोट

काम नसलं की किस्से वाढतात, असं लोक म्हणतात. आमच्याकडं काम असतानाच वाढले. कुंडलच्या रस्त्याला माझी शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. शाळा चौथीपर्यंत, पण माझी मोडलेली ट्रॉली कुणी दाखवावी. गेल्या वर्षी त्या शेडमध्ये बोट येऊन बसली. तेव्हापासून जो येतो तो एक किस्सा टाकून जातो. त्यातले खरे तेवढे सांगतो.

बोट माझ्या थोरल्याची, दत्ताची. नौदलात पाणबुड्या होता. पेन्शन घेऊन आला आणि म्हणाला, आबा, आता स्वतःची बोट घ्यायची. शेतकऱ्यांच्या नदीत बुडालेल्या पाण्याच्या मोटारी काढायच्या, आणि थंडीत वाईकडं धरणाच्या पाण्यात लोकांना स्कूबा डायव्हिंग शिकवायचं.

त्याच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आवं, सरकारनं पोरगं धडधाकट परत दिलंय. पहिल्यांदा उतरंल तवा तुमी बोटीत पायजे. त्यो वर येईस्तवर पाण्यावरची नजर काढायची न्हाई."

मला पोहता येत नाही. आमची माणसं मूळची पूर्वेकडची, मेंढरांमागची. पोहायला आधी पाणी लागतं. तिकडं ते नव्हतं.

*

बोट कोकणातून आणली. जुनी, फायबरची. ट्रॉलीवर बांधून भर वैशाखात नदीकाठच्या गावांतून आली. आमच्या भागात बोट दिसते ती पुरात. जो तो विचारायचा, धरणातनं पाणी सोडलं का. पाऊस कुठं, वैशाख कुठं!

त्याच वाटेवर माझी बहीण दिली आहे. संध्याकाळी कळलं की तिनं ज्वारीची सगळी पोती माळ्यावर चढवली. मी फोन करून सांगितलं, पूर नाही, बोट आपल्या दत्ताची आहे.

"बरं झालं," ती म्हणाली. "पर पोती आता वरच ऱ्हाऊंद्यात. चढवायला माणसं परत कुठनं आणू?"

*

बाबू मिस्त्री माझ्याकडं वेल्डिंग करतो. नवी ट्रॉली बाहेर काढताना तिच्या हुकावर नारळ फोडायचा, ही आमच्या शेडची रीत. बोट आली त्या दिवशी बाबूनं कुणाला न विचारता नारळ आणला, बोटीला हळदीकुंकू लावलं आणि नारळ तिच्या नाकावर हाणला.

हुक लोखंडाचा असतो. बोट फायबरची.

नारळ फुटला आणि बोटीलाही चीर गेली. दत्ता धावत आला. चिरेवरून हात फिरवत राहिला. बाबूनं नारळाच्या वाटीचा वास घेऊन पाहिला.

"खोबरं मातुर चांगलं निघालं," तो म्हणाला.

चीर भरून वाळेपर्यंत काम थांबलं. तेवढ्यात आम्ही खोबरं खाल्लं. दत्तानंही खाल्लं.

*

दत्ताला डायव्हिंगचे सिलिंडर उभे ठेवायला रॅक हवी होती. हलकी कर, असं तो म्हणाला होता. माझ्या हातून हलकी वस्तू होत नाही. ट्रॉलीला लावतो तेच लोखंडी चॅनल वापरलं, चारी कोपऱ्यांना पट्ट्या मारल्या. हत्तीनं ओढली तरी हलू नये अशी केली.

बोट नदीत सोडून पाहिली. पुढचं टोक आभाळाकडं गेलं आणि मागून पाणी आत आलं. दत्ता गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत होता. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नाही.

"आबा, रॅक झकास झालीया," तो म्हणाला. "आता बोटच उचलून तिच्यात ठिवू."

दुसरी रॅक ॲल्युमिनियमची केली. पहिली घरात आहे. तिच्यावर घागरी असतात. हलत नाही.

*

शिरपती माझा लहानपणचा दोस्त. कृष्णेत नाव चालवण्यात त्याचा जन्म गेला. सिलिंडरमध्ये काय असतं, असं त्यानं विचारलं. दत्ता म्हणाला, साधी हवा, दाबून भरलेली. ती भरून आणायला लांब जावं लागतं.

शिरपतीला हे पटलं नाही. चौकात पंक्चरवाला असताना हवेसाठी परगावी जाणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. दत्तानं समजावलं की ही हवा माणूस पाण्याखाली छातीत घेतो, ती गाळून स्वच्छ केलेली लागते, तेलाचा वाससुद्धा चालत नाही.

शिरपतीनं एक मोठा श्वास घेऊन पाहिला. त्याला लागलं होतं.

"म्हंजी आमी आजवर काय घेत आलो रं?"

*

पाण्याखाली माणूस असला की बोटीवर झेंडा लावतात, म्हणजे दुसऱ्या बोटी लांबून जातात. लाल कापड, त्यावर तिरकी पांढरी पट्टी. दत्ताच्या आईनं मशीनवर शिवला आणि धुतला. वाळायला शेडवर टांगला तेव्हा निवडणुकीचे दिवस होते.

दुपारपर्यंत दोन पुढारी चौकशीला येऊन गेले. तिसरा आला तो थेट खुर्ची ओढून बसला. हा नवा पक्ष कुणाचा, असं त्यानं विचारलं. मी कामात होतो.

"खाली गेलेल्यांचा," मी म्हणालो.

तो मागच्याच निवडणुकीत पडला होता. चहा न घेता गेला.

*

पौषात सगळ्या परवानग्या झाल्या आणि बोट वाईकडं नेली. सकाळची वेळ. पाण्यावरून असा वारा येत होता की दातावर दात वाजत होते. दत्ता, त्याचा नौदलातला एक जोडीदार, इंजिनाशी शिरपती आणि मी. दत्तानं मला जाकीट घालायला लावलं, पाण्यात तरंगवतं ते. स्वतःच्या हातानं पट्टे आवळले. मग दोघं पाठीवर सिलिंडर घेऊन उलटे पडले आणि गेले.

बुडबुडे येत होते. ते येतात तोवर तो श्वास घेतोय, एवढं मला सांगितलेलं होतं. मी त्यावर नजर ठेवली. पापणी लवू दिली नाही. शिरपती माझ्याकडं पाठ करून भाकरी खात होता.

बुडबुडे थांबले.

मी वाट पाहिली. पाणी सपाट झालं. शिरपतीकडं वळायचं तर नजर काढावी लागली असती. घरी दत्ताची आई उंबऱ्यात उभी असणार, हे दिसत होतं. मी पागोटं काढून ठेवलं. मग जाकिटाचे पट्टे सोडायला लागलो. ते घालून खाली जाता येत नाही, एवढं कळत होतं. बोटं गारठली होती, पट्टा सुटेना. सुटला. जाकीट टाकलं आणि एक पाय बोटीच्या काठावर ठेवला.

"आबा!"

आवाज पाठीमागून आला. दोघंही बोटीखालून जाऊन पलीकडच्या अंगाला, शिरपतीच्या बाजूला, वर आले होते. दत्तानं तोंडातली नळी काढलेली. तो एकदा माझ्याकडं आणि एकदा खाली पडलेल्या जाकिटाकडं बघत होता. शिरपतीचा घास हातातच राहिला.

"जाकीट का काढलं तुमी?"

मी पाय खाली घेतला. पागोटं डोक्यावर ठेवलं.

"उकडत होतं," मी म्हणालो.