दाजींचं हेलिकॉप्टर

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात कलेक्टर आले, एसपी आले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या. पण लष्करी हेलिकॉप्टरच्या शेपटीची खरी लांबी किती, या काळजीनं ज्याला जेवण जात नाही असा माणूस लातुरात त्याच्या आधीपासून राहत होता, आणि तसा दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नव्हता. हा माणूस म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोचे दाजी, म्हणून हळूहळू आम्हा सगळ्या गोतावळ्याचेच दाजी झाले. मूळचे आमच्या नांदेडचे, पेशानं दातांचे डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर. दवाखान्यात खुर्चीसमोरच्या कपाटावर लाकडाचं एक हेलिकॉप्टर अर्धवट अवस्थेत बसलेलं असे. पेशंटनं तोंड उघडलं, की दाजी त्याच्या दाढेत आरसा घालायचे आणि गोष्ट हेलिकॉप्टरची सुरू करायचे. पेशंटला ना बोलता येई, ना उठून जाता येई. असे श्रोते मोठमोठ्या वक्त्यांना मिळत नाहीत.

दाजी तयार खेळणी आणून जोडणाऱ्यांतले नव्हते. खऱ्या चेतक हेलिकॉप्टरपेक्षा अठ्ठेचाळीस पट लहान चेतक करायचं, आणि ते इतकं बरोबर, की खऱ्या वैमानिकानं पाहिलं तर त्याला आत बसावंसं वाटलं पाहिजे, अशी त्यांची जिद्द. धड सागवानी, बाकी सगळा माल दवाखान्यातला. चाकं प्लॅस्टर ऑफ पॅरिसची, दारं दात कोरायच्या हत्यारानं कोरलेली. एकदा रंगाआधी घाईनं शेपटी कवळीच्या मसाल्याची केली, तर ते हेलिकॉप्टर कित्येक दिवस हिरड्या दाखवत असल्यासारखं गुलाबी शेपटी घेऊन बसलं होतं. पण करण्यात त्यांचा जीव फारसा जातच नसे. जीव जाई तो मापं मिळवण्यात.

मापं कुठून मिळणार? लष्कराची वस्तू. दाजी रविवारी हैदराबादला जाऊन फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांचे ढीग उपसायचे. एका इंग्रजी पुस्तकात चेतकची लांबी दहा मीटरच्या आसपास, दुसऱ्यात जवळजवळ तेरा. एवढा फरक कसा पडतो म्हणून ते महिनोन्‌महिने घुम्यासारखे वागले. मग कुठल्याशा मासिकात हेलिकॉप्टरशेजारी उभ्या असलेल्या जवानाचा फोटो सापडला. जवानाच्या उंचीवरून हेलिकॉप्टर मोजायचं ठरलं. पण जवान किती उंच धरायचा? टोपीसकट की टोपीशिवाय? अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, शेवटी म्हणाली, "अहो, तो माणूस आता निवृत्त बी झाला असंल. सोडा की त्याला."

एकदा त्यांना कळलं, की रेणापूरला एक माजी सैनिक राहतात आणि ते आजारी असताना हेलिकॉप्टरमधून दवाखान्यात गेले होते. दाजी मला घेऊन एसटीनं रेणापूरला. चहा होईपर्यंतही त्यांना धीर धरवला नाही.

"आत बसल्यावर गुडघे कुठं टेकले तुमचे?"

त्या गृहस्थांनी बराच विचार केला. "मला ताप होता हो. गुडघे हायत का न्हाईत, त्येच कळंना."

"तरी अंदाजानं?"

गृहस्थ खुर्चीवर तापात बसतात तसे बसून दाखवायला लागले. दाजींनी खिशातून टेप काढली आणि त्यांच्या गुडघ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत माप घेतलं. परत येताना ते फार आनंदात होते. मी विचारलं, "दाजी, एवढं एका केसाचं चुकलं तर कुणाला दिसणार आहे?" ते म्हणाले, "मला दिसंल ना."

तेव्हा दुष्काळ होता. टँकर आला की गल्लीभर घागरींचा खणखणाट. दवाखान्यात येणारे पेशंट चूळ भरायला घरून तांब्या घेऊन यायचे. अशा दिवसांत प्लॅस्टर कालवायला पाणी मागायचं म्हणजे घरात युद्धच. अक्कानं डाळ धुतलेलं पाणी दिलं, ते त्यांनी बिनतक्रार घेतलं. त्या वर्षीची चाकं जराशी पिवळट आहेत. आणि त्याच दुष्काळाची पाहणी करायला एक मंत्री लातूरला यायचे ठरले. हेलिकॉप्टरनं. हवाई दलाच्या. चेतकच.

मी तेव्हा सासुरवाडीच्या एका कार्यासाठी लातुरात होतो. सकाळी दाजी दवाखान्याला कुलूप लावून, इस्त्रीचा शर्ट घालून गावाबाहेरच्या मैदानावर हजर. मीही बरोबर. हेलिकॉप्टर आलं, धुळीचा डोंगर उठला, मंत्री उतरले, गाड्या निघून गेल्या. दाजी बांबूच्या अडसरापर्यंत सरकले आणि तिथून आणखी थोडे पुढे सरकले, तेवढ्यात एका हवालदारानं दंड धरला.

"खिशात काय हाय?"

"टेप."

"कशाला?"

"मोजायला."

"काय मोजायला?"

दाजींनी हनुवटीनं हेलिकॉप्टर दाखवलं. इतक्या सरळपणानं हेरगिरी कबूल करणारा माणूस हवालदारानं पाहिला नसावा. तो त्यांना जीपकडे नेऊ लागला. मी मधे पडलो, पण माझं कोण ऐकतो! अर्ध्या वाटेत हवालदार थांबला, दाजींच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "डाक्टरसाब? तुम्ही माझ्या आईची कवळी केली न्हाई का?" मग त्यानं स्वतः आम्हाला रिक्षात बसवून दिलं. दाजी रिक्षात मान मागं वळवून बघत राहिले.

दुपारी दवाखान्यासमोर सरकारी जीप थांबली. मला वाटलं, आता खरंच नेतात. उतरला तो हवाई दलाचा वैमानिक, गालावर हात दाबलेला. कऱ्हाडकडचा, तिशीतला. दाढ सकाळपासून ठणकत होती आणि वर गेल्यावर तर डोळ्यांपुढं अंधारी येत होती म्हणे. दाजींनी त्याला खुर्चीत बसवलं, आणि त्या खुर्चीच्या इतिहासात पहिल्यांदाच हेलिकॉप्टरबद्दल एक अक्षर न काढता दाढ तपासली.

वैमानिक म्हणाला, "डॉक्टर, उपटूनच टाका. मी वर कळवतो. आज उडत नाही, उद्या बघू."

मी दाजींकडे बघितलं. उद्यापर्यंत चेतक मैदानावर! एवढा वेळ मिळाला असता, आणि मोजू द्या म्हणायला वैमानिक त्यांचाच पेशंट. त्यांनाही ते कळलं होतं. हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला. खिडकीशी जाऊन उगीच हात पुसत उभे राहिले. मग परत येऊन म्हणाले, "दाढ चांगली हाय. वाचती. काढायची न्हाई."

"पण दुखतंय ना!"

"थांबंल. लवंगेच्या तेलाचं औषध भरतो. तळावर गेलात की पक्कं करून घ्या."

बराच वेळ ते वाकून काम करत राहिले. शेवटी वैमानिकानं गालावर हात फिरवला, जबडा हलवून बघितला आणि हसला. "गेलं की हो! म्हणजे आजच निघता येईल." दाजी म्हणाले, "हाव. निघता येईल." ते वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा जसा झाला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

वैमानिक खुर्चीतून उठला आणि त्याची नजर कपाटावर गेली. तो जवळ गेला. वाकून एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या. "हे कुणी केलं?" दाजी लाजले. मीच सगळं सांगून टाकलं: पुस्तकं, जवान, रेणापूरचा गुडघा, सकाळचा हवालदार. वैमानिक इतका हसला, की नवं औषध पडतं की काय असं वाटलं. "चला," तो म्हणाला. "आत चढू देता येणार नाही. बाहेरून बघा, मी उभा आहे शेजारी."

मैदानावर त्याच हवालदारानं दाजींना सलाम ठोकला. टेपचं एक टोक मी धरलं. दाजी त्या धुडाजवळ गेले आणि आधी त्यांनी नुसता हात ठेवला, तापलेल्या पत्र्यावर, आपण जनावराच्या पाठीवर ठेवतो तसा. मग शेपटी मोजली, शेपटीखालची वाकडी नळी मोजली, चाकांमधलं अंतर मोजलं. शेवटी त्यांनी त्या पुस्तकांतल्या फरकाचा विषय काढला. वैमानिक म्हणाला, "दोन्ही बरोबर आहेत. एक लांबी नुसत्या धडाची. दुसरी पंखा फिरतानाची, पात्याच्या टोकापासून शेपटीपर्यंत." दाजी इस्त्रीच्या शर्टासकट मातीत बसले आणि पोट धरून हसले. "माय माय! आणि मी दोघांना बी खोटं समजून राहिलो!"

मंत्री आले. आम्हाला मागं सारलं. पंखा फिरला, धूळ उठली, सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. दाजी तेवढे डोळे उघडे ठेवून उभे होते. नंतर आठवडाभर त्यांना लाल डोळ्यांत औषध घालावं लागलं. हेलिकॉप्टर पूर्ण झालं. पेशंट त्याचं कौतुक करत, तोंड मिटल्यावर.

पुढं काही वर्षांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातुरातले डॉक्टर मिळेल त्या गाडीनं तिकडे धावले, त्यांत दाजी होते. मी दुसऱ्या दिवशी कपडे आणि औषधं घेऊन पोचलो. शेतात हेलिकॉप्टरं उतरत होती, एक गेलं की दुसरं. जखमींच्या बाजा वाहणाऱ्यांबरोबर दाजी त्यांच्यामधून ये-जा करत होते, मान खाली. त्यांनी मला ओळखलं, औषधांची पेटी घेतली आणि पुन्हा निघून गेले.

ते घरी आले तेव्हा अंगावरचे कपडे ओळखू येत नव्हते. अक्कानं पाणी तापवलं. ते पायरीवर बसून राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दाजी, लई जवळून बघितली असतील या खेपेला."

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "बाज आत जात न्हाई," ते म्हणाले. "माणूस उचलूनच घ्यावा लागतो. आणि मान धरायला एक माणूस वेगळा लागतो."

मग ते आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसले. पाणी तापलंय म्हणून अक्कानं दोनदा हाक मारली, तरी उठले नाहीत. शेवटी ती बाहेर आली, त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि त्यांचे हात तिनं आपल्या पदरात घेतले.