आईचा अर्धा रुपया

माझी आई गोजाबाई पुनावळ्याची. तिला कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं मला खपत नाही. ती तिखट होती, आणि तशी नसती तर आम्ही मायलेकी उभ्याच राहिलो नसतो. वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांची. भावकीनं तिला माहेरी जायला सांगितलं. ती जागची हलली नाही. वडिलांच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा तिनं स्वतः कसला आणि भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चिंचवड स्टेशनपर्यंत पायी गेली. पिंपरीला कारखान्याची बांधकामं निघाली तेव्हा तिचं गिऱ्हाईक वाढलं. मुकादमानं भाजी फुकटात मागितल्यासारखी मागितली, की ती पाटी उचलून चालू लागायची.

लग्नात तिला आजीनं राणीछाप रुपयांची माळ घातली होती. प्रत्येक रुपयाला वर चांदीची कडी झाळलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली, आणि सगळे रुपये गोफात ओवलेले. वडिलांच्या आजारपणात माळ गेली. एकच रुपया तिनं मागं ठेवला, माझ्या लग्नाच्या सुपारीसाठी. आमच्याकडे सुपारीला मुलीचा मामा नवऱ्या मुलाला टिळा लावतो आणि त्याच्या हातात चांदीचा रुपया ठेवतो. आईनं सोनाराकडून कडी काढून घेतली आणि चिंच लावून रुपया लख्ख घासला.

पंचावन्न साली माझं ठरलं. मुलगा चाकणचा, ज्योतीराम. त्याला वडील नव्हते, त्यामुळं सगळा कारभार चुलत्याच्या, मालोजीरावांच्या हातात. ते कांद्याचे अडते, आणि रुपया नुसता वाजवून पारखतात अशी त्यांची बाजारात ख्याती.

आमच्या ओसरीवर भैरूमामानं टिळा लावला, रुपया दिला. मालोजीरावांनी तो पुतण्याच्या हातातून उचलला आणि फरशीवर टाकला. रुपया खणखणला नाही, खट्ट करून पडला. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा खट्ट.

“ह्यो खोटा हाय,” ते म्हणाले. “शिसं हाय आत. बाई एकतर फसलीय, न्हाईतर आमाला फसवाया बघतीय.”

सुपारी फुटायची थांबली. मामानं मान खाली घातली. मी आत बायकांत बसले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या बोलानं सुपारी मोडली असती तर माझ्यासाठी दुसरं स्थळ आलं नसतं, आणि ‘खोटारडी’ हे नाव आईच्या कपाळी कायमचं बसलं असतं. भावकी त्याचीच वाट बघत होती.

आई पदर खोचून ओसरीवर गेली. विधवा बाई पुरुषांच्या बैठकीत उभी राहिली, हेच पुष्कळांना झोंबलं.

“खोटा न्हाई, गळ्यातला हाय त्यो,” ती म्हणाली. “एकदा कडी झाळलेला रुपया, कडी काढली तरी बद्दच वाजतो. तुमच्या घरच्या बाया आत बसल्यात, त्यास्नी इचारा.”

आतल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात असे रुपये होते. सगळ्यांना ते ठाऊक होतं. एकही बोलली नाही. मीही नाही.

“बायांस्नी काय इचारायचं?” मालोजीराव म्हणाले. “आडतीवर जलम गेला माझा. माझा कान चुकत न्हाई.”

“मग कान ऱ्हाऊ द्या. डोळ्यानं बघा.”

तिनं छिन्नी आणि हातोडा आणला. रुपया पायरीच्या दगडावर ठेवला.

“आक्का, नगं,” मामा म्हणाला. “आयेची आठवण हाय ती.”

“आयेनं मला मान खाली घालाया न्हाई दिला त्यो.”

चार घावांत रुपयाचे दोन तुकडे झाले. एक तुकडा तिनं मालोजीरावांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, तुटलेली कड नखानं खरवडली. या काठापासून त्या काठापर्यंत चांदी होती.

“खरा हाय,” ते हळूच म्हणाले. मग घसा साफ करून, “बरं, फोडा सुपारी.”

आईनं त्यांच्या हातातला तुकडा घेऊन ज्योतीरामच्या हातात दिला. दुसरा स्वतःच्या पदराला बांधला.

“अर्धाच?” मालोजीरावांनी विचारलं.

“अर्धाच. ह्यो माझ्यापाशी ऱ्हाईल. उद्या माझ्या लेकीला कुणी खोटी म्हणालं, तर घिऊन येईन आन् तुमच्या दारात जुळवून दावीन.”

ज्योतीरामनं मूठ मिटली आणि म्हणाला, “चालंल.” त्या एका शब्दावर मी संसार केला.

आईला तो तुकडा घेऊन कधी यावं लागलं नाही. ती गेली तेव्हा तो माझ्याकडे आला. आता दोन्ही अर्धे आमच्या देव्हाऱ्यात आहेत. सोनार म्हणतो, जोडून देतो, सांधा दिसणारसुद्धा नाही. मी नको म्हणते. त्या दिवशी तोंड असून मी गप्प बसले, ते मला अजून सलतं. पुढच्या महिन्यात नातीची सुपारी आहे. तिथं कुणी तिच्या आईला वेडंवाकडं बोललं, तर आतल्या बायकांतून पहिली मी उठणार आहे, दोन्ही तुकडे हातात घेऊन.