सासूबाईंची यॉर्क-प्रदक्षिणा

गेल्या शनिवारी इंग्लंडमधल्या यॉर्कला माझ्या सासूबाई हरवल्या. आता अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीच्या घरात बसून निवांत लिहितेय, पण तेव्हा माझं काय झालं होतं ते माझं मला माहीत...

नवऱ्याचं लंडनला ऑफिसचं काम होतं, म्हणून आम्हीही बॉस्टनहून त्याच्याबरोबर गेलो. वीकेंडलाही त्याच्या मीटिंग्ज. "आईला जप हं," एवढं सांगून त्याने आम्हा तिघींना ट्रेनमध्ये बसवलं. मी, सासूबाई आणि आमची नऊ वर्षांची सानिका.

यॉर्कच्या जुन्या गावाभोवती दगडी तटबंदी आहे आणि तिच्यावरून चालता येतं. वर चढलो तर आत समोरच भलंमोठं चर्च. सासूबाईंनी बूट काढायचंच काय ते बाकी ठेवलं, हात मात्र जोडले.

तेवढ्यात सानिकाला बाथरूमला जायचं होतं. "आई, इथेच थांबा हं, दहा मिनिटांत आलो," म्हणून आम्ही खाली उतरलो. परत आलो तर जागा रिकामी!

आमचे अमेरिकेतले फोन तिथे नुसती घड्याळं झाले होते. हॉटेलचं कार्ड माझ्याच पर्समध्ये. त्या अमेरिकेत आमच्याकडे आल्यापासून वर्षभर त्यांच्याकडून पोलिसांचा ९११ नंबर घोकून घेतला होता, पण इथला नंबर वेगळाच. अंधार पडायच्या आत तटाचे दरवाजे बंद करतात म्हणे...

मी खालचे दोन रस्ते पालथे घातले आणि रडकुंडीला येऊन पोलीस शोधायला निघाले. तर सानिका म्हणाली, "मम्मा, रिलॅक्स! शी इज डूइंग प्रदक्षिणा. चर्च मधोमध आहे ना!"

मी जागीच थांबले. खरंच की! देव उजव्या हाताला ठेवून निघाल्या असणार. आणि एकदा निघाल्या की आमच्या सासूबाई प्रदक्षिणा अर्धी सोडणाऱ्यातल्या नाहीत. म्हणजे मागे पळण्यात अर्थ नव्हता, आम्ही चढलो त्याच जिन्यापाशी त्या दुसऱ्या बाजूने फिरून येणार. आम्ही तिथे जाऊन थांबलो.

थांबणं मात्र महाकठीण. कारण ही तटबंदी सलग नाही, मध्येच संपते, रस्त्यावर उतरावं लागतं, पुढे पुन्हा शोधावी लागते. त्यांना इंग्लिश येतं ते 'थँक्यू'पुरतं. एक तास गेला, मग आणखी अर्धा... माझा निर्णय चुकला तर नवऱ्याला काय सांगू, एवढंच डोक्यात.

आणि समोरच्या रस्त्यावरून साडी, पांढरे स्नीकर्स, माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट! गाल लालबुंद.

"अगं, भिंतच संपली मध्ये! एका बाईला बोटाने असा गोल करून दाखवला. बिचारीने पुढच्या जिन्यापर्यंत सोडलं. तू का गं अशी दिसतेस?"

दीड तास मनात जुळवलेलं सगळं बोलणं विसरले. भर रस्त्यात त्यांना घट्ट मिठी मारली आणि रडले. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आमच्यात फक्त वाकून नमस्कार, मिठी कधीच नाही...

त्या क्षणभर अवघडल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मला वाटलं, सानिकाची आई आहेस, तिच्यातच गुंतलेली असशील. माझी एवढी काळजी करशील असं वाटलंच नव्हतं गं."

सापडल्या, देवाची कृपा. पण मला त्यांची किती काळजी आहे हे त्यांना अकरा वर्षांत कधी कळलं नव्हतं, ते आता कळलं, याचंच जास्त हायसं वाटतंय.